मागची बाकी : एका दिवाणजींची कृतज्ञतेची वही

वही नीटनेटकी होती. दोनशे पानी, लाल समासाची, तारखा लाल शाईत आणि मजकूर निळ्या. रोज तीन ओळी. ‘सकाळी गरम चहा मिळाला. मुलगी हसून बोलली. देवाने आजचा दिवस दाखवला.’ दर गुरुवारी मी त्या ओळी वाचायचे, खाली बरोबरची खूण करायचे. एकदा तर ‘खूप छान’ असंही लिहिलं. त्यातले शेवटचे सतरा दिवस हा माणूस रोज पीत होता.

मी पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. हे प्रकरण लिहायला त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाजारात त्यांना ज्या नावाने हाक मारतात, तेच मी इथे वापरते : दिवाणजी.

माणूस आणि त्याचा श्रावण

दिवाणजींचं वय ४६. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या एका आडत्याच्या गाळ्यावर २२ वर्षं हिशोबाचं काम. माल उतरतो, लिलाव होतो, वजन होतं आणि मग शेतकऱ्याची पट्टी करायची : एकूण रक्कम किती, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं किती गेलं, खाली निव्वळ किती. गाळ्यावर कॉम्प्युटर आहे, पण शेठ कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, अजून हातानेच लिहून घेतात. दिवाणजींचं अक्षर बाजारात नावाजलेलं.

घर अप्पर इंदिरानगरात. पत्नी चार घरी पोळ्या करते. मुलगी बारावीला, मुलगा एकोणीस वर्षांचा, कुरिअरच्या कामावर. आई सासवडजवळच्या गावी, थोरल्या भावाकडे.

दारू आधी बाजार उठल्यावर दुपारची होती. मग रात्रीचीही झाली. शेवटची तीन वर्षं पहाटे साडेतीनला पहिली क्वार्टर लागायची, कारण त्याशिवाय हाताची थरथर थांबत नव्हती आणि अंक उमटत नव्हते. कीर्दीच्या एकाच पानावर पहाटेचे अंक आणि आठ वाजताचे अंक दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे दिसायचे, हे पुढे त्यांनीच मला सांगितलं.

‘मी व्यसनी असतो तर श्रावण पाळला असता का?’ हा त्यांचा हुकमी प्रश्न. गटारीला भरपूर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून थेट गणपतीपर्यंत बंद. बरीच वर्षं हे जमलंही. कितीतरी घरांत हा एक महिना नवऱ्याच्या बाजूचा पुरावा असतो आणि बायकाही तो मान्य करतात, कारण तेवढा एक महिना त्यांनाही हवा असतो. त्या वर्षी मात्र श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी, शेवटच्या घोटाला दीड दिवसही झाला नसताना, गाळ्यावर त्यांना फिट आली. हमालांनी उचलून टेंपोत घातलं आणि ससूनला नेलं.

रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की असं होऊ शकतं. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते, मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो आणि दाब अचानक निघाला की तो जोर मोकाट सुटतो. थरथर, घाम, उलट्या पहिल्या काही तासांत सुरू होतात. फिट आली तर साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भास होतात, ताप चढतो, भान सुटतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सकाळी उठल्याउठल्या ज्याला लागते, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ‘आजपासून बंद’ करू नये. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, पहिली चौकशी तिथेही करता येते.

त्यांच्या पत्नीला, वहिनींना, व्यसनमुक्ती केंद्र ही गोष्ट अनोळखी नव्हती. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, तेव्हापासून या शहरात दारू हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे बोललं जातं आहे. तरी इतकी वर्षं त्यांनी कुठे फोन केला नाही. ‘नवऱ्याला केंद्रात टाकलं’ हे वाक्य सासरी ऐकायची त्यांची तयारी नव्हती. फिट आल्यावर ती तयारी झाली.

दाखल होताना दिवाणजींची ‘ऑडिट’ चाचणी घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ही दहा प्रश्नांची चाचणी ४० गुणांची आहे. वीस किंवा त्याहून जास्त गुण आले की अवलंबित्वाची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. दिवाणजींचे ३१ आले. औषधं आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी दिली, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, यकृताच्या तपासण्या झाल्या. हे सगळं आधी नसतं तर पुढच्या वहीला काहीही अर्थ नव्हता.

पहिली वही

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना कृतज्ञतेची वही दिली. रोज रात्री चांगल्या तीन गोष्टी लिहायच्या.

यामागे आधार होता. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहिलं होतं. त्यांचा आनंद वाढल्याचा आणि नैराश्याची लक्षणं कमी झाल्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला. दुसऱ्या एका गटाने कृतज्ञतेचं पत्र लिहून ते त्या व्यक्तीकडे जाऊन दिलं होतं. तो परिणाम सुरुवातीला सगळ्यांत मोठा होता, महिनाभर टिकला आणि मग ओसरला. अमेरिकेतल्या एमी क्रेंट्झमन यांनी दारूवरच्या उपचारांत असलेल्या २३ जणांवर तीन गोष्टींची हीच पद्धत १४ दिवस वापरून पाहिली. २०१५ सालच्या त्या अभ्यासात नकारात्मक भावना कमी झाल्या आणि शांत, निवांत वाटणं वाढलं. मला हे पटलं होतं, आजही पटतं.

पण मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे ‘का घडलं’ हा भाग गाळला. माणसं दमलेली असतात, तीन ओळी पुरेत, असं मी ठरवून टाकलं. चहा गरम मिळाला, एवढंच वहीत आलं. तो कुणी केला, किती वाजता उठून केला, हे आलंच नाही. दुसरी चूक वेळेची. दारू सुटल्यावर पहिले काही आठवडे, कधी काही महिने, आनंद वाटण्याची यंत्रणाच बधिर असते. जेवण बेचव, पोरांचं बोलणं कटकट, सण ओझं. दिवाणजींना त्या दिवसांत काहीच चांगलं वाटत नव्हतं, आणि मी त्यांच्याकडून रोज तीन चांगल्या गोष्टी मागत होते. हिशोबाचा माणूस तो. आकडा मागितला की त्याने आकडा दिला.

केंद्रातून घरी जाण्याआधी आम्ही कुटुंबाची बैठक घेतो. त्यात दिवाणजींनी पत्नीला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. तीन पानं. त्यात सगळं होतं : रात्री दोन वाजता पुसलेली फरशी, पोळ्यांच्या पैशांतून भरलेली मुलीची फी, गहाण पडलेल्या मंगळसूत्राच्या वाट्या, गाळ्यावर जाऊन शेठला सांगितलेलं ‘यांना ताप आहे’. वाचताना ते रडले. माझेही डोळे भरले. वहिनी मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला सगळं दिसत होतं.”

मी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं : ‘पत्नी अजून रागात. प्रतिसाद थंड.’ आता ती नोंद मला वाचवत नाही. समोरच्या बाईला नुकतंच कळलं होतं की इतकी वर्षं ज्याला ती शुद्धीत नसलेला समजून सोडून देत होती, त्याला तिचा प्रत्येक हाल तपशिलासकट माहीत होता. आणि मी तिच्याकडून हुंदक्याची अपेक्षा करत होते.

सतरा दिवस

गौरी जेवायच्या दिवशी दिवाणजी घरी गेले. आठवड्याभरात अनंत चतुर्दशी आली. बाजारातल्या मंडळाच्या मिरवणुकीआधी गाळ्यावर सगळे जमले होते. केंद्राचा अर्धा खर्च शेठनी दिला होता. हमाल, तोलणार, दोन-तीन व्यापारी यांच्यासमोर शेठ त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आम्ही होतो म्हणून आज उभे आहात दिवाणजी. जाण ठेवा.” शेठ वाईट माणूस नाही, प्रेमानेच म्हणाले असतील. दिवाणजींनी हात जोडले, “तुमचे उपकार आहेत” म्हणाले, आणि रात्री ढोल चालू असताना गाळ्यामागे जाऊन प्यायले. चव्वेचाळिसावा दिवस होता तो.

त्यानंतर पितृपक्षभर रोज. दुपारी गाळ्यावरच झोपायचं आणि वहिनी कामावरून परतायच्या आत तोंड धुऊन बसायचं. गुरुवारी माझ्याकडे यायचं ते मात्र न पिता. वहीत खाडा नाही. उलट याच दिवसांत ओळी लांब झाल्या, अक्षर सुधारलं. मला वाटलं, माणूस स्थिरावतोय.

घटस्थापनेला वहिनींनी माळ्यावरून पितळी कळशी काढली. तिच्यात क्वार्टर होती.

त्या आठवड्यात दिवाणजी माझ्यासमोर बसले तेव्हा मी रागावले नाही, पण वही पुढ्यात ठेवून विचारलं, “हे लिहिताना काय वाटायचं?” त्यांनी दिलेलं उत्तर मी तेव्हाच शब्दशः उतरवून घेतलं : “ताई, लिहिलं की त्या दिवसाचं खातं मिटायचं. एवढं चांगलं चाललंय, बायको आहे, पोरं आहेत, देव आहे. मग एक क्वार्टरने काय बिघडतंय? लिहून झालं की हलकं वाटायचं. हलकं वाटलं की प्यायला मोकळा.”

नंतर मी क्रेंट्झमन यांचाच २०१७ सालचा दुसरा अभ्यास वाचला. तो मी आधीच वाचायला हवा होता. दारूच्या उपचारांना आलेल्या ६७ जणांकडे त्यांनी सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पाहिलं. उपचारानंतर जे दारूपासून दूर होते, त्यांच्यात कृतज्ञता जितकी जास्त तितकं पुढेही दूर राहण्याचं प्रमाण जास्त. पण जे उपचारानंतरही वरचेवर पीत होते, त्यांच्यात उलटं दिसलं. कृतज्ञता जास्त असलेले सहा महिन्यांनीही तसेच पीत होते. अभ्यास छोटा आहे आणि निष्कर्ष प्राथमिक आहे, असं त्यांनीच म्हटलं आहे. तरी माझ्यासमोरच्या वहीत तो ओळन् ओळ खरा होता. ‘माझं चांगलं चाललंय’ ही भावना जे चालू आहे त्याला धरून ठेवते. सोबर माणसाचं सोबर असणं ती धरते आणि पिणाऱ्याचं पिणंही.

आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि मी ते एकाच टोपलीत टाकले होते. ‘आभार’ आपण सभेत मानतो. घरात बायकोचे आभार मानले तर ती विचारेल, बरं आहे ना? ‘उपकार’ वरून खाली येतात. घेणाऱ्याची मान वाकते, आणि देणाऱ्याने ते बोलून दाखवले की वाकलेल्या मानेवर आणखी एक गोणी येते. शेठच्या तोंडी ‘जाण’ शब्द होता, पण आत उपकार होते. खरी जाण म्हणजे जाणणं : कुणी, काय, किती, स्वतःचं काय बाजूला ठेवून केलं, ते ठाऊक असणं. व्यसनमुक्तीत आलेल्या माणसाभोवती उपकारांची रास असते. आई, भाऊ, सासरे, शेठ, सगळे सांगत असतात, एवढं केलं तुझ्यासाठी. त्या राशीखाली तो लाजेने गुदमरतो, आणि लाजेवरचं त्याला ठाऊक असलेलं औषध एकच असतं.

कीर्द

दुसरी वही त्यांनीच सुचवली, हे मला नोंदवायलाच हवं. मी म्हटलं होतं, काही दिवस लिहिणं थांबवू. ते म्हणाले, “थांबवू नका. फक्त ही वही एकाच बाजूची आहे. नुसत्या जमेची कीर्द कुणी लिहीत नाही.”

मग आम्ही पान मधोमध आखलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला आज मला कुणाकडून काय मिळालं, आणि ते देताना त्या माणसाचं काय खर्ची पडलं. नावे बाजूला आज माझ्या हातून काय गेलं : केलेलं काम, मनातला विचार नाही. ‘देव’, ‘सगळे’, ‘घरचे’ हे शब्द जमेला चालणार नाहीत. एका माणसाचं नाव हवं. एकच नोंद झाली तरी चालेल, काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. तलफ आली तर समासात वेळ टाकायची. आणि ज्या दिवशी प्यायलो, त्या दिवशी ते सगळ्यात वर लिहायचं आणि पान तिथेच सोडायचं.

पहिल्या महिन्यातल्या काही नोंदी :

जमा : मंडळी. ४.१० ला उठून डबा केला. तिला सहाला पहिल्या घरी पोचायचं होतं. रात्री अकराला झोपली होती. नावे : डबा घासून ठेवला. संध्याकाळी गहू दळून आणले.

जमा : तोलणार. माझी बेरीज चुकली. शेठसमोर बोलला नाही, बाजूला घेऊन दाखवली. शेतकऱ्याला ४५० कमी गेले असते. नावे : शेतकऱ्याला फोन करून परत बोलावलं, पट्टी बदलून दिली. चूक माझी म्हणून सांगितलं.

जमा : पोराने दार उघडलं. बोलला नाही. नावे : मीही बोललो नाही. बळेच बोलून त्याला त्रास द्यायचा नाही.

जमा : निरंक. समास : दु. २.३०, दु. २.५०, दु. ३.

शेवटची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. पहिल्या वहीत ती कधीच आली नसती.

मग पाडवा आला. बलिप्रतिपदेला बायको नवऱ्याला ओवाळते, नवरा तबकात ओवाळणी टाकतो. कळशी सापडून जेमतेम महिना झाला होता. वहिनींनी पाट मांडला नाही. “यंदा नको,” एवढंच म्हणाल्या. सासूबाईंनी गावाहून फोन करून बरंच ऐकवलं. त्या रात्रीची दिवाणजींची नोंद अशी आहे. जमा : ‘मंडळीने खोटं औक्षण केलं नाही.’ नावे : ‘आईला सांगितलं, तिला काही बोलू नकोस.’

बारा लाख अठ्ठेचाळीस हजार तीनशे

मार्गशीर्षात नवीन अडचण उभी राहिली आणि तिचं मूळ या वहीतच होतं. दिवाणजी झोपेनासे झाले. मनोविकारतज्ज्ञांनी औषध बदललं, तरी डोळे ओढलेले. एका गुरुवारी त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. सरासरी रोजचे १८० रुपये, १९ वर्षं, गुणिले ३६५ : १२,४८,३००. खाली लिहिलं होतं, ‘हे फक्त दारूचे. बाकीचं मोजायचं आहे.’

मी म्हटलं, “मागचं सोडा, आजचं लिहा.” केंद्रात आम्ही हे शंभर वेळा म्हणतो, आजचा दिवस. त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. “ताई, मागची बाकी न ओढता कीर्द सुरू केली तर तिला कीर्द म्हणत नाहीत.”

ते बरोबर होते. आणि ती बाकी रोजच्या पानावर ओढली असती तर माणूस कोसळला असता, हेही दिसत होतं. रोजची जाण ही रोज फेडता येते. एकोणीस वर्षांची फेड रोज रात्री मागितली तर उत्तर पुन्हा बाटलीतच सापडतं. पश्चात्ताप माणसाला कामाला लावतो. ‘मी माणूसच नालायक’ ही लाज त्याला अंथरुणाला खिळवते. वहीत दोन्ही सारख्याच शाईत उतरतात, म्हणून वही एकट्याने वाचायची नाही, कुणाबरोबर तरी वाचायची.

इथे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मदत झाली. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रनला दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलेली ही चळवळ. तिच्या मराठी मीटिंगा पुण्यातही भरतात. तिच्या बारा पायऱ्यांमधली चौथी स्वतःची झडती घेण्याची. आठवीत आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची. नववीत त्यांची भरपाई करायची, पण ज्या भरपाईने त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला इजा होईल ती करायची नाही. दिवाणजींचे स्पॉन्सर, म्हणजे त्यांना वाट दाखवणारे चळवळीतले जुने सदस्य, एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत. त्यांनी १२,४८,३०० चं पान बघितलं आणि दिवाणजींना म्हणाले, “ही बाकी एकदम फिटत नसते, हप्त्याने फिटते. आणि काही धनको असे असतात की त्यांना पैसे नको असतात, तू थोडं लांब उभं राहायला हवा असतोस.” मला वर्षभराच्या प्रशिक्षणातून जे नेमक्या शब्दांत सांगता आलं नसतं, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

मग मागची बाकी वेगळ्या वहीत गेली. छोटी, लांबट, लाल कापडी बांधणीची. ती रोज उघडायची नाही. महिन्यातून एकदा, स्पॉन्सरबरोबर. पहिली भरपाई म्हणून त्यांनी पगार पाकिटासकट वहिनींच्या हातात द्यायला सुरुवात केली. दुसरी, गहाण पडलेल्या वाट्यांचे हप्ते. मुलाच्या नावापुढे त्यांनी बरेच दिवस काहीच लिहिलं नाही. नंतर लिहिलं : ‘वाट बघणे.’

धुळवडीला ते घसरले. भावकीतल्या लग्नाच्या बैठकीवरून येताना, दुपारी. रात्री नऊ वाजता वहीत सगळ्यात वर लिहिलं : ‘आज प्यायलो. दोन क्वार्टर. २ ते ५.’ बाकी पान कोरं. स्पॉन्सरना फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले. मनोविकारतज्ज्ञांनी नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्या सुरू केल्या. दारूची ओढ आणि पिण्याची मजा कमी करणारं हे औषध आहे, यकृताच्या तपासण्या बघून देतात. मी या घसरणीकडे अपयश म्हणून बघत नाही. मागच्या वेळी लपवाछपवी सतरा दिवस चालली होती. या वेळी चार तास.

वहिनी

या प्रकरणात मी सगळ्यात कमी ज्यांच्याशी बोलले आणि सगळ्यात जास्त ज्यांच्याकडून शिकले, त्या वहिनी. व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही संघटना १९५१ पासून आहे. मी त्यांना तिथे पाठवलं. दोनदा गेल्या, मग वेळ जमेना. आमच्याकडच्या बायकांच्या गटाला मात्र महिन्यातून एकदा येतात.

तिथे एकदा एका नव्या मुलीने विचारलं, नवरा आता रोज ‘तू होतीस म्हणून मी वाचलो’ म्हणतो, त्याला काय उत्तर द्यायचं? वहिनी म्हणाल्या, “उत्तर देऊ नकोस. झोप काढ. मला यांची कृतज्ञता नको होती, मला सलग सहा तास झोप हवी होती.” मी ते फळ्यावर लिहून ठेवलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण समुपदेशकांना मी आता पहिल्यांदा हेच विचारते : तुमच्या पेशंटच्या कृतज्ञतेमुळे त्याच्या घरातल्या कुणाला झोप लागली का? ज्याची जाण ठेवायची, त्याच्या पदरात काही पडलं का?

दिवाणजींनी दोन्ही वह्या टीव्हीवरच्या फळीवर ठेवल्या होत्या, लपवून नाही. वाच असंही कधी म्हटलं नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं होतं. वही वाचणं ही बायकोची जबाबदारी होऊ लागली की ती पुन्हा पहारेकरी होते. वहिनी फळी पुसताना वह्या उचलत, पुसत, परत ठेवत. वर्षभर एवढंच.

दुसऱ्या दिवाळीच्या आधीचा गुरुवार. श्रावण गेला, गणपती गेले, धुळवडीपासून आठ महिने होत आले होते. मुलगा आता ‘जेवला का’ एवढं विचारू लागला होता. दिवाणजी आले ते लाल कापडी वही घेऊन. स्पॉन्सरबरोबर उघडायची ती वही माझ्याकडे कशी आणली, म्हणून मी बघत राहिले. त्यांनी पान काढून माझ्यासमोर सरकवलं. मागच्या बाकीतली सातवी नोंद होती, निळ्या शाईत, त्यांच्या नावाजलेल्या अक्षरात : ‘मंडळीच्या भिशीच्या डब्यातून काढले, १८००.’

१८०० वर पेन्सिलीची आडवी रेघ होती. शेजारी, ज्याला लिहायची फारशी सवय नाही अशा हाताने, लिहिलेलं होतं : ‘२३००. पोरीच्या क्लासचे होते.’

खाली दिवाणजींनी बेरीज दुरुस्त करून आणली होती.